लूप, फ्रेनेल, सुतळी आणि पट्टी: फोर बाय फाइव्हवर फोकस करायचं सामान, सहा वर्षं वापरून

आधीच सांगतो, हा एका वस्तूचा रिव्ह्यू नाहीये. गेल्या सहा वर्षांत लार्ज फॉरमॅटवर (माझा फोर बाय फाइव्ह, म्हणजे चार बाय पाच इंचाच्या सुट्या फिल्मचा मोठा कॅमेरा) फोकस करायचं म्हणून मी जे जे विकत घेतलं, उसनं आणलं, शिंप्याकडून शिवून घेतलं आणि एक गोष्ट तर चक्क वाण्याकडून आणली, त्या सगळ्याचा मिळून हा एक रिव्ह्यू आहे. नवीन माणूस भेटला की पहिला प्रश्न असतो, लूप (काचेवर टेकवून बघायचं छोटं भिंग) कुठला घेऊ? आणि मला दर वेळी वाटतं, अरे बाबा, लूपच्या आधी तुझी काच जागेवर आहे का ते बघ. हे मला सुरुवातीला कुणी सांगितलं नव्हतं. किंवा सांगितलं असेल आणि मी ऐकलं नसेल, बायकोच्या मते दुसरंच खरं.

ज्यांनी हा प्रकार हाताळला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. या कॅमेऱ्यात ना ऑटोफोकस, ना व्ह्यूफाइंडर. पुढे लेन्स, मागे दळलेली काच, मधे भाता. लेन्स उघडी ठेवायची, डोक्यावर काळं कापड घ्यायचं आणि काचेवर जी उलटी चित्रं पडतात (वरचं खाली आणि डावं उजवीकडे, दोन्ही) ती बघत नॉब फिरवायचा. मग लेन्स बंद, अॅपर्चर (लेन्सचं भोक) लावा, शटर भरा, फिल्मचा होल्डर काचेच्या जागी सरकवा, त्याचं झाकण म्हणजे डार्क स्लाइड ओढा आणि केबल रिलीज दाबा. होल्डर आत गेला की तुम्ही आंधळे. काचेवर शेवटचं जे बघितलं त्यावर विश्वास ठेवून एक शीट खर्च करायची, आणि आताच्या भावाने एक शीट म्हणजे दोन-तीन मिसळींचे पैसे. आमच्या लहानपणी गावातल्या स्टुडिओत वागीश्वरी होता, केरळात अलप्पुळाला बनायचा तो सागवानी-पितळी कॅमेरा, आणि तो फोटोग्राफर कापडात डोकं घालून इतका वेळ आत काय करतो याचं मला कोडं होतं. आता मी पण तेवढाच वेळ आत असतो.

माझा कॅमेरा सेकंडहँड, लाकडी, घडी होणारा. नाव सांगत नाही कारण पुढे जो घोळ झाला त्यात त्याची काही चूक नव्हती. लेन्स १५० मिमीची सिम्मार-एस, एफ ५.६, या साइझला ही नॉर्मल लेन्स. वय ४७, चाळिशी प्लस दोनची. चाळिशीचा नंबर मुद्दाम लिहितोय, पुढे कामाला येईल.

पहिल्या दिवसापासून माझी एकच तक्रार, अंधार. काच मधे उजळ आणि कोपऱ्यांत काळी. कुणीतरी सांगितलं फ्रेनेल लाव. फ्रेनेल म्हणजे ती गोल गोल बारीक रेघांची प्लास्टिकची चकती, एका बाजूला पळणारा उजेड वळवून डोळ्याकडे आणते. पुस्तक वाचायला म्हाताऱ्या माणसांसाठी जे पातळ भिंग मिळतं ना, तसलंच एक दीड मिलिमीटर जाडीचं एका दुकानातून घेतलं, दुकानदार म्हणाला कॅमेऱ्याला चालतं, कापून दिलं आणि मी ते फ्रेममधे काचेच्या आतल्या बाजूला, म्हणजे लेन्सकडे, बसवलं. काच त्याच्या मागे. क्लिपा लावल्या, एकदम फिट्ट. कोपरे उजळले, मी खूश. मध्यभागी मात्र फार फरक पडला नाही, आणि ते तसंच असतं, फ्रेनेल कोपऱ्यांसाठीच असते, मधला उजेड लेन्सच्या अॅपर्चरवरच ठरतो. त्या वेळी मी तिला पाचपैकी पाच दिले असते.

वर्षभर घाटात फिरलो, निगेटिव्ह मस्त. मग एका दिवाळीत आत्याचा पोर्ट्रेट काढायचं ठरलं. आत्या ७८ वर्षांची, नऊवारी, अंबाडा, कानात मोत्याच्या कुड्या. ओसरीवर खुर्ची, दारातून येणारा उजेड, कॅमेरा दीड मीटरवर, लेन्स पूर्ण उघडी एफ ५.६ ला. डोळ्यातल्या चमकीवर फोकस केला. चार शीट्स. धुवून स्कॅन केलं तर कुड्यांचा मोती न मोती मोजता येतोय आणि डोळे असे, जसे वाफेतून बघतोय. चारही.

अर्थातच आत्या हलली असणार. दीड मीटरवर एफ ५.६ ला या लेन्सची फोकसची खोली (जेवढ्या अंतरात सगळं टोकदार येतं ती) जेमतेम १० सेंटीमीटर, पुढे पाच मागे पाच. मी होल्डर लावेपर्यंत माणूस एवढं सहज सरकतं, श्वास सोडला तरी सरकतं. यावर जुना उपाय आहे, दोरी. कॅमेऱ्याच्या पुढच्या स्टँडर्डला, म्हणजे लेन्स धरणाऱ्या चौकटीला, दोरी बांधायची, फोकस झाला की ती माणसाच्या गालाच्या हाडापर्यंत ताणून तिथे गाठ मारायची. मग होल्डर लावला, स्लाइड ओढली की परत दोरी ताणायची, गाठ गालाला टेकेपर्यंत माणसाला पुढेमागे करायचं, दोरी सोडायची आणि लगेच क्लिक. ही सुतळी मी कोपऱ्यावरच्या वाण्याकडून आणली, पुडे बांधायची पांढरी. आत्या म्हणाली, "अरे नाकाशी दोरी काय आणतोस, मी काय म्हैस आहे का?" पण बसली बिचारी. चार शीट्स अजून. कुड्या कुरकुरीत, डोळे लोणी.

सुतळीला मी पाचपैकी साडेचार देतो, खरंच, अर्धा कापला तो फक्त समोरच्या माणसाचा चेहरा गंभीर होतो म्हणून. पोर्ट्रेटला याच्यापेक्षा स्वस्त आणि खात्रीचं काही मी बघितलं नाही. पण त्या दिवशी सुतळीने मला एकच गोष्ट कळवली, की आत्या निर्दोष आहे.

मग डोळ्यांवर संशय. चाळिशी आली, आता आपल्याला काचेवरचं दिसतच नसणार, चांगला लूप पाहिजे. इथे मी पैसे घातले. आधी स्लाइड बघायचा जुना आठ पट लूप होता, त्याची कड पारदर्शक, त्यातून उजेड आत येतो आणि चित्र धुतल्यासारखं होतं, काळी टेप गुंडाळली की चालतो. पण आठ पट ही भानगडच नको. काचेचा दाणाच इतका मोठा दिसायला लागतो की आपण चित्रावर फोकस करतोय का वाळूवर ते कळत नाही. चार पट भरपूर. फार तर सहा. आणि लूप घेताना एकच गोष्ट तपासा, त्याचा स्वतःचा फोकस फिरवता येतो का. कारण काचेची खरखरीत बाजू आत, लेन्सकडे असते आणि लूप आपण टेकवतो गुळगुळीत बाजूला, मधे दोनेक मिलिमीटर काच असते. चित्र आतल्या दाण्यावर पडतं. लेन्स उघडी ठेवून आधी लूप फिरवून काचेचा दाणा आणि काचेवर पेन्सिलीने मारलेली रेघ टोकदार करून घ्यायची, तिथे लूप लॉक, आणि मगच नॉबला हात. हे न करता नुसता लूप टेकवणारे खूप जण बघितलेत, त्यातला एक मी.

वाइड लेन्सवाल्यांसाठी जाता जाता. ९० मिमी वगैरे लावली की कोपऱ्यातला उजेड फार तिरका येतो, सरळ टेकवलेल्या लूपमधे काळोखच दिसतो. सिल्व्हेस्ट्री कंपनीचा एक लूप आहे जो तिरका करता येतो, एका मित्राकडचा वापरून बघितला, कोपऱ्यात अक्षरशः दिवा लागल्यासारखं वाटतं. पण फक्त त्यासाठी तेवढे पैसे मी घालणार नाही, वाइड लेन्स मी वर्षातून दोनदा लावतो.

आणि एक फुकटची टीप, कंपोझिशनला लूप लागत नाही. मेडिकलमधे मिळणारा प्लस साडेतीन किंवा चारचा तयार चष्मा घ्या, गळ्यात अडकवा, कापडात शिरलात की तो लावा. पूर्ण काच एका नजरेत जवळून दिसते, कडेला काय घुसलंय ते कळतं, टिल्ट करताना (लेन्स पुढे झुकवताना) तर हाच बरा कारण दोन्ही हात मोकळे. माझी चाळिशी दोनची, तिच्यावर हा असा डबल संसार चाललाय. पाचपैकी पाच.

तर, भारी चार पट लूप आला. आत्या तिसऱ्यांदा बसली, आता तिने अट घातली की प्रिंट दिल्याशिवाय पुढची बैठक नाही. चार शीट्स. कुड्या.

तेव्हा डोक्यात प्रकाश पडला की चूक आत्याची नाही, डोळ्यांची नाही, तर दर वेळी एकाच दिशेला आणि एकाच मापाने होतेय. डोळा ते कान, साधारण नऊ सेंटीमीटर मागे. घरी टेबलावर पाच काडेपेट्या तिरक्या ओळीत मांडल्या, प्रत्येक आधीच्यापेक्षा नऊ सेंटीमीटर मागे, मधली बरोबर दीड मीटरवर, तिच्यावर लूपने फोकस. फिल्म नाही वापरली, होल्डरमधे प्रिंटचा आरसी पेपर कापून घातला, टेस्टला तो स्वस्त पडतो आणि लाल दिव्यात ट्रेमधे लगेच दिसतो. मधली काडेपेटी मऊ, चौथी टोकदार. म्हणजे काच आणि फिल्म एका जागी नाहीत.

चुलतभावाचं भोसरीला लेथचं वर्कशॉप आहे, त्याच्याकडे व्हर्नियर घेऊन बसलो. फोर बाय फाइव्ह होल्डरचं माप ठरलेलं आहे, होल्डर जिथे टेकतो तिथपासून आतल्या तळापर्यंत इंचाचे ०.१९७, म्हणजे पाच मिलिमीटर. त्यातून फिल्मची जाडी वजा करा, राहिले ४.८. काचेचा खरखरीत पृष्ठभाग पण तेवढाच आत पाहिजे. फ्रेम उलटी टेबलावर, वर स्टीलची पट्टी आडवी, पट्टीवरून डेप्थ गेजची दांडी खाली सोडली, पट्टीची जाडी वजा केली. ४.८. भाऊ म्हणाला, "बरोबर आहे की, चहा सांगू का?"

चहा येईपर्यंत मी फ्रेमकडे बघत होतो, आणि मग दिसलं. दांडी टेकत होती ती फ्रेनेलला. काचेला नाही. काच तिच्या मागे दीड मिलिमीटर. चित्र पडतं काचेच्या दाण्यावर, प्लास्टिकवर नाही. त्यात प्लास्टिकमधून जाताना उजेड वळतो म्हणून प्रतिमा जाडीच्या साधारण एक तृतीयांश, म्हणजे अर्धा मिलिमीटर, मागे सरकते, तेवढी चूक आपोआप भरून निघाली. उरला एक मिलिमीटर. दीड मीटरवर १५० च्या लेन्सला एक मिलिमीटर म्हणजे समोर साडेआठ-नऊ सेंटीमीटर. आत्याची कुडी!

आणि वर्षभर घाटात हे कळलं कसं नाही? कारण तिकडे मी एफ ३२ ला, म्हणजे अगदी बारीक भोकावर होतो. एक मिलिमीटर चुकलं तरी एफ ३२ ला प्रत्येक बिंदूचा ठिपका होतो एक भागिले ३२, म्हणजे मिलिमीटरचा तिसावा हिस्सा, कुणाला दिसतोय. एफ ५.६ ला तोच ठिपका सहापट, सरळ डोळ्यावर येतो. छोट्या अॅपर्चरने माझी चूक वर्षभर पदराखाली झाकून ठेवली होती.

काही जुन्या कॅमेऱ्यांत फ्रेनेल आतच असते, ग्राफ्लेक्स कंपनीच्या ग्राफिक कॅमेऱ्यांत अशी बसवलेली मिळते, पण तिथे काचेची जागा तो हिशोब धरूनच बनवलेली असते. तिथे उलट ती काढली की घोळ होईल. सेकंडहँड घेताना हे विचाराच. आपण नंतर लावत असू तर फ्रेनेल बाहेरच्या बाजूला, आपल्याकडे, रेघा काचेकडे करून. मी तशी लावली, काच परत खोबणीत टेकवली, काडेपेट्या परत मांडल्या, मधली आली टोकदार. आता फ्रेनेलला किती? तीन. कोपरे उजळतात हे खरं, पण लूपमधून तिच्या रेघा दिसतात, लूपचा फोकस परत लावायला लागतो, आणि उन्हाळ्यात कारमधे राहिली की वाकते. दुकानदाराला शून्य, पण त्याचं नाव कशाला घ्या, कापून देताना त्याने विचारलं होतं आत लावणार का बाहेर आणि मी म्हणालो होतो बघतो.

काळ्या कापडाबद्दल लोक फार कमी लिहितात आणि सगळ्यात जास्त फरक त्यानेच पडतो. पहिलं माझं कापड म्हणजे काळी शाल, एप्रिलमधे कोकणात ती घेऊन पाच मिनिटांत मीच डेव्हलप व्हायला लागलो. मग रविवार पेठेतून आत काळं जाड सुती, बाहेर पांढरं असं दोन पदरी शिवून घेतलं, सव्वा मीटर बाय दीड मीटर, चारी कोपऱ्यांत जुन्या नटांचं वजन शिवलंय वाऱ्यासाठी. एका कडेला वेल्क्रो, कॅमेऱ्याभोवती गुंडाळायला. खर्च किरकोळ. आणि कापडात शिरल्यावर लगेच नॉबला हात घालू नका, एखादं मिनिट नुसतं थांबा, डोळे सरावतात, मग ज्या काचेला आपण अंधारी म्हणत होतो तीच उजळ दिसायला लागते. माझ्या फ्रेनेलच्या अर्ध्या गरजेचं उत्तर ते एक मिनिट होतं.

ते आरशाचं हूड पण घेऊन बघितलं, मागे खोक्यासारखं लागतं, आत आरसा, चित्र सरळ उभं दिसतं (डावं-उजवं मात्र उलटंच). भारी खेळणं आहे, स्टुडिओत टेबलावरच्या वस्तू काढणाऱ्याला सोयीचं. पण त्यातून लूप काचेला टेकत नाही, बारीक फोकस करायला ते काढावंच लागतं, आणि घाट चढताना ते खोकं पाठीवर नको होतं. दोन महिन्यांत विकलं. मोबाइलचं पण तेच, काचेसमोर धरून चित्र सुलटं करून बघता येतं, कंपोझिशन दुसऱ्याला दाखवायला उत्तम, पण मोबाइलचा स्वतःचा ऑटोफोकस काचेच्या दाण्यावर असा गटांगळ्या खातो की फोकसचा निर्णय त्याच्या भरवशावर घेऊ नये.

आता लँडस्केपवाल्यांसाठी माझी सगळ्यात आवडती वस्तू, किंमत तीस रुपये, स्टीलची सहा इंची पट्टी. तिचा मिलिमीटरचा भाग कॅमेऱ्याच्या बेडवर (खालच्या फळीवर) नॉबच्या शेजारी चिकटवलाय आणि हलणाऱ्या भागावर ब्लेडने एक रेघ. पद्धत अशी की आधी सगळ्यात लांबच्या वस्तूवर फोकस करायचा, आकडा बघायचा. मग सगळ्यात जवळच्या वस्तूवर, आकडा बघायचा. दोन्हीमधलं अंतर किती मिलिमीटर, त्यावर अॅपर्चर ठरतं, आणि फोकस ठेवायचा त्या दोन आकड्यांच्या बरोबर मधे. अंदाजाने "एक तृतीयांश आत" वगैरे काही नाही. माझ्या डार्क स्लाइडवर कागद चिकटवलाय: १ मिमी असेल तर एफ १६ आणि अर्धा स्टॉप, २ ला २२ आणि अर्धा, ३ ला ३२, ४ ला ३२ आणि ४५ च्या मधे, ६ ला ४५. याच्यापुढे जास्त बंद केलं की डिफ्रॅक्शनने (बारीक भोकातून जाताना उजेड पसरतो त्याने) सगळंच थोडं थोडं मऊ पडायला लागतं, आणि कमी बंद केलं की टोकं सुटतात, हा तक्ता दोन्हीच्या मधला सौदा आहे. यात अॅपर्चर बंद करून काचेवर खोली "दिसतेय का" हे बघायची गरजच राहत नाही, एफ ३२ ला काचेवर दिसतं काय, कप्पाळ.

वाईजवळ मेणवलीच्या घाटावर याचा खरा कस लागला. नाना फडणवीसांच्या वाड्यामागचा तो कृष्णेचा घाट, जवळ पायऱ्या, मागे देऊळ, त्याच्यामागे पलीकडची झाडं. मी पायऱ्यांच्या अगदी जवळ, पहिली पायरी तीन मीटरवर. पट्टीवर फरक आला आठ मिलिमीटर. तक्त्याप्रमाणे ४५ च्याही पुढे, सकाळचा सावलीतला उजेड, एक्स्पोजर सेकंदांत, आणि पिंपळाची पानं काही माझ्यासाठी थांबणार नव्हती. तर नुसता दोन मीटर मागे सरकलो. पहिली पायरी पाच मीटरवर, फरक साडेचार, एफ ३२ आणि थोडं पुढे. फ्रेममधे फार काही गेलं नाही. पट्टी नसती तर मी आठ मिलिमीटरवालाच फोटो काढला असता आणि मग घरी लेन्सला शिव्या दिल्या असत्या.

इथे टिल्ट का नाही केला? कारण देऊळ उभं आहे. टिल्ट म्हणजे लेन्स पुढे झुकवायची, फोकसची जी सपाट पातळी असते ती आडवी लोळते. ऑस्ट्रियन सैन्यातला कॅप्टन थिओडोर शाइम्पफ्लुग, त्याचं १९०४ चं पेटंट आहे, बिचारा हवेतून काढलेल्या फोटोंचा तिरकेपणा सरळ करत होता आणि आपण त्याच्या नावाने कातळ आणि फुलं काढतो. तर पायऱ्यांवर पातळी लोळवली की शिखराचा कळस तिच्या बाहेर. जिथे उभं आणि आडवं दोन्ही जवळ आहे तिथे पट्टी.

उलट राजापूरजवळ कशेळीचं कातळशिल्प घ्या. सड्यावर, म्हणजे कातळाच्या पठारावर, कोरलेला जवळपास १८ मीटर लांबीचा हत्ती आणि त्याच्या पोटात बाकीचे प्राणी. सगळं जमिनीलगत, उभं काहीच नाही. टिल्टसाठी याच्यापेक्षा चांगली जागा शोधून सापडायची नाही. लेन्स जमिनीपासून दीड मीटरवर, मागची काच सरळ उभी. १५० ची लेन्स आणि दीड मीटर उंची याला साधारण पावणेसहा अंश टिल्ट लागतो, लेन्सची फोकल लेंग्थ भागिले उंची म्हणजे त्या कोनाचा साइन, शाळेतलं त्रिकोणमिती एवढंच कामाला आलं आयुष्यात. माझ्या कॅमेऱ्यावर अंशांच्या खुणा नाहीत म्हणून मोबाइलमधला लेव्हल लेन्सबोर्डला टेकवतो. मग लांबच्या टोकावर नॉबने फोकस, जवळच्या टोकासाठी टिल्ट थोडा मागेपुढे, परत लांब, परत जवळ, तीन-चार फेऱ्यांत दोन्ही बसतात. बसल्यावर परत पट्टीवर तपासलं, फरक राहिला एक मिलिमीटरच्या आत. एफ १६ आणि अर्ध्यावर अख्खा सडा, माझ्या बुटाच्या पुढच्या खडकापासून पार गवतापर्यंत. एक आजोबा बराच वेळ बघत होते, शेवटी जवळ येऊन हळूच म्हणाले, "मोजणीला आलात काय?" कापडातून बाहेर येऊन त्यांना काचेवर उलटा हत्ती दाखवला. म्हणाले, हा पालथा का पडलाय.

हातात धरून फोर बाय फाइव्ह काढायचा असेल तर हे सगळं विसरा आणि रेंजफाइंडर. एका मित्राचा क्राउन ग्राफिक पुण्यात पालख्या आल्या त्या दिवशी वापरला, वर रेंजफाइंडर, खिडकीत दोन प्रतिमा एकावर एक आणायच्या की झालं, कापड नाही, ट्रायपॉड नाही. ग्राफ्लेक्सने हा कॅमेरा १९४७ ते १९७३ बनवला आणि आजही चालतो. मर्यादा अशी की आत एक कॅम (रेंजफाइंडरला लेन्सशी जोडणारा वळणदार तुकडा) असतो तो एका ठराविक फोकल लेंग्थचाच, लेन्स बदलली की कॅम बदला, लिनहॉफ कंपनीच्या टेक्निका कॅमेऱ्यात तर कॅम त्या त्या लेन्ससाठी घासून बनवलेला. न्यूयॉर्कचा तो जुना न्यूज फोटोग्राफर वीजी तर रेंजफाइंडरच्या पण नादी लागत नसे, स्पीड ग्राफिक दहा फुटांवर लावून ठेवलेला, एफ १६, फ्लॅश, आणि दहा फुटांवर जाऊन उभं राहायचं. दिंडीत मी पण शेवटी तेच केलं. पावसात भिजलेल्या खिडकीत दोन प्रतिमा जुळवण्यापेक्षा दहा फुटांचा अंदाज लवकर जमतो. बारापैकी सात शीट्स चांगल्या आल्या, मला वाटलं होतं तीन येतील.

लेण्यांसारख्या अंधारात मात्र काहीच दिसत नाही, लूप काय करणार. तिथे दोन छोट्या एलईडी टॉर्च न्या, एक जवळच्या खांबाशी, एक लांब आत ठेवा, तोंड कॅमेऱ्याकडे, आणि त्या ठिणगीवर फोकस करा, पट्टीवर दोन आकडे मिळाले की टॉर्च उचला. ट्रायपॉडची परवानगी आधी काढा, नाहीतर फोकस करायची वेळच येणार नाही.

तर पैसे कशावर? मी परत सुरुवात केली असती तर आधी काडेपेट्यांची टेस्ट, मग दोन पदरी कापड, तीस रुपयांची पट्टी, मेडिकलचा चष्मा, आणि मग उरले तर फोकस फिरवता येणारा काळ्या कडेचा चार पट लूप. लूपला दोरी लावून गळ्यात घाला, माझा एकदा हातातून सुटला आणि जो उताराने घरंगळत गेला तो पंधरा मिनिटं शोधत होतो. फ्रेनेल पहिल्या वर्षी नकोच.

आत्या मागच्या महिन्यात चौथ्यांदा बसली, सुतळी गालाला लावून, यावेळी न बोलता. डोळे आले, पापण्यांचे केस वेगवेगळे दिसतात इतके आले. आठ बाय दहाचा प्रिंट करून नेऊन दिला. चष्मा लावून तिने बराच वेळ बघितला आणि म्हणाली, "छान आहे रे. पण यात कुडी नीट नाही आली."